सरकी, रुई आणि शंभर केबी

गेल्या रविवारी सकाळी मूर्तिजापूरहून मामांचा फोन आला. मामांचा फोन म्हणजे एरवी "व्हॉट्सॅप बंद पडलं" किंवा "हे ओटीपी कायले मागते" ह्यापलीकडे नसतो. ह्यावेळी आवाज चढलेला होता.

"काहून रे बावा, तू त कॉम्प्युटरमंधला माणूस ना? मंग मले एक सांग. कापूस दाबला त कापूसच राह्यते. मंग कागद दाबला त त्यातला आकडा काहून बदलते?"

मी आधी हसलो. मग प्रकरण ऐकलं आणि हसू बंद झालं.

मामांना एका ऑनलाइन अर्जासोबत जुन्या फेरफाराची प्रत जोडायची होती. कागद आजोबांच्या वेळचा, हाताने लिहिलेला, शाई फिकट झालेली. अर्जाची अट एकच: पीडीएफ, कमाल १०० केबी. किती पानं, किती डीपीआय, रंगीत की काळं-पांढरं, ह्याबद्दल अवाक्षर नाही. मामा गावातल्या एका सेवा केंद्रावर गेले. तिथल्या पोराने मोबाईलने फोटो काढला, कुठल्याशा फुकट वेबसाइटवर टाकला, तिने तो ९८ केबीचा करून दिला, पोराने तो अपलोड केला आणि तीस रुपये घेतले. दीड महिन्याने उत्तर आलं: अर्ज नामंजूर. कारण, दस्तऐवजातील गट क्रमांक अर्जाशी जुळत नाही.

मी ती ९८ केबीची फाइल मागवून बघितली. गट नंबर २१९. पण ते मला मामांनी सांगितलं म्हणून. फाइलमध्ये बघितलं तर २१९, २९१, २९९, तुम्हाला हवं ते वाचा. देवनागरीतला हाताने लिहिलेला १ आणि ९ ह्यांच्यात फरक असतो तो एका छोट्याशा वळणाचा, आणि ते वळण त्या ९८ केबीत उरलेलंच नव्हतं. तिथे करड्या ठिपक्यांचा चिखल होता. तिकडच्या कारकुनाला मी दोष देत नाही, त्याने दिसलं ते वाचलं.

मी दोष देतो तो "कमाल १०० केबी" एवढीच ओळ लिहून चहाला गेलेल्या आमच्या जमातीला. ती ओळ कोणा मंत्र्याने लिहिलेली नसते हो. ती कुठल्यातरी बीई झालेल्या, माझ्यासारख्याच पोराने लिहिलेली असते. आणि त्याने कॉलेजात कॉम्प्रेशन शिकलेलं असतं!

मामांचा प्रश्न मात्र बावळट नव्हता. उलट गेल्या कित्येक वर्षांत मला कोणी विचारलेला कॉम्प्रेशनबद्दलचा सगळ्यात नेमका प्रश्न होता तो. म्हणून त्याचं उत्तर इथे नीट लिहितोय.

आम्ही वऱ्हाडातली माणसं. अकोला, अमरावती, खामगाव, मूर्तिजापूर, कुठेही जा, जिनिंग-प्रेसिंग आहेच. मूर्तिजापूर तर शकुंतला रेल्वेचं जंक्शन, यवतमाळ आणि अचलपूरकडचा कापूस एकेकाळी ह्याच नॅरोगेजवरून यायचा. तेव्हा मामांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. जिन आणि प्रेस ही दोन वेगळी कामं आहेत, बरोबर? जिनमध्ये कापसातून सरकी निघते. क्विंटलभर कापसाची साधारण तेहतीस-पस्तीस किलो रुई होते, बाकी मुख्यतः सरकी. मग ती रुई प्रेसमध्ये जाते. प्रेस काय काढतो? फक्त हवा. खोलीभर पसरलेली रुई दाबून १७० किलोची गाठ बनते, पट्ट्या आवळल्या की ट्रकवर चढते. सूतगिरणीत पट्ट्या कापल्या की रुई पुन्हा फुलते. वजनाला एक किलो कमी नाही, धागा एक कमी नाही.

कॉम्प्युटरमध्येही हीच दोन कामं आहेत. दुर्दैवाने दोघांना एकच नाव आहे: कॉम्प्रेशन.

पहिलं काम प्रेसचं. ह्याला लॉसलेस म्हणतात, म्हणजे काहीच न गमावता. झिप हे त्याचं रोजचं उदाहरण. फाइलमधली "हवा" म्हणजे काय? पुनरावृत्ती. हे वाक्य घ्या:

कापूस वेचला, कापूस तोलला, कापूस विकला.

काना-मात्रा, स्वल्पविराम, मोकळी जागा अशी प्रत्येक खूण वेगळी मोजली, तर दुसरा "कापूस" पहिल्याच्या बरोबर १३ खुणा पुढे आहे. मग तो पुन्हा कशाला लिहायचा? "१३ मागे जा, ६ उचल" एवढं लिहिलं की झालं, त्या सहात कापूसनंतरची मोकळी जागाही आली. तिसऱ्या वेळी तर आणखी मजा. यंत्राला शब्द-बिब्द कळत नाहीत, त्यामुळे त्याला "ला, कापूस " हा सगळाच्या सगळा तुकडा सारखा दिसतो आणि ते एका दमात दहा खुणा उचलतं. ही युक्ती अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव ह्या दोघांनी १९७७ साली मांडली. आज तुम्ही उघडता त्या प्रत्येक झिपच्या आणि प्रत्येक पीएनजी चित्राच्या पोटात ती आहे.

दुसरी युक्ती हफमनची. मराठी मजकुरात काना ढिगाने येतो, ङ वर्षातून एकदा. दोघांना सारखीच जागा का द्यायची? आईच्या मिसळणाच्या डब्यात तिखट-मीठ-हळद हाताशी असतं आणि जायफळ वरच्या फळीवर. जे रोज लागतं त्याला छोटा कोड, जे क्वचित लागतं त्याला लांब कोड. झालं. झिपमध्ये ह्या दोन्ही युक्त्या एकापाठोपाठ एक चालतात.

आता ह्या हफमनची एक गोष्ट सांगतोच, कारण ती आमच्या कॉलेजात कोणी सांगितली नाही. १९५१ साली एमआयटीत रॉबर्ट फानो ह्या प्राध्यापकाने वर्गाला मुभा दिली: एकतर परीक्षा द्या, नाहीतर एक प्रश्न सोडवून निबंध लिहा. डेव्हिड हफमनने निबंध घेतला. प्रश्न होता सगळ्यात कमी लांबीचे कोड कसे बनवायचे हा, आणि त्याचं पक्कं उत्तर खुद्द फानोकडेही नव्हतं. महिनोन् महिने डोकं आपटून हफमन वह्या फेकून परीक्षेच्या अभ्यासाला लागणार होता, तेवढ्यात त्याला सुचलं: झाड वरून खाली नाही, खालून वर बांधायचं. १९५२ मध्ये ते छापून आलं. म्हणजे परीक्षा चुकवण्यासाठी शोधलेली गोष्ट आमच्याकडे परीक्षेत सात मार्कांना येते! आम्ही झाड काढलं, शून्य-एक लिहिले, सात मार्क घेतले. ते झाड कशासाठी, हे विचारायची गरज ना आम्हाला पडली ना सरांना. असो.

प्रेसच्या कामातली एक गंमत सांगून पुढे जातो. "युनिकोडमध्ये मराठी जड होते" अशी तक्रार जुने डीटीपीवाले अजून करतात. खरं आहे, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एक. पण त्या तीनपैकी पहिला बाइट कायम तोच असतो आणि दुसरा दोनपैकी एक. ही निव्वळ हवा आहे. झिप ती बघता बघता दाबतं. त्यासाठी मराठी पुन्हा जुन्या फाँटांच्या खुराड्यात कोंडायची काही गरज नाही.

आता दुसरं काम: जिनचं. इथे काहीतरी काढून टाकलं जातं आणि ते परत येत नाही. गाठ उघडून कोणी पुन्हा सरकीसकट बोंड बनवलंय का? ह्याला लॉसी म्हणतात. जेपीईजी हे त्याचं रोजचं उदाहरण, १९९२ पासूनचं. फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातले हळूहळू बदलणारे रंग आणि झटकन बदलणाऱ्या कडा वेगवेगळ्या करायच्या. मग झटकन बदलणाऱ्या भागावर कात्री चालवायची, कारण आभाळ, चेहरा, शेत ह्यांच्या फोटोत माणसाच्या डोळ्याला तो भाग फारसा जाणवत नाही. ही वेगळं करण्याची गणिती युक्ती, डीसीटी, मूळच्या बंगलोरच्या नासिर अहमद ह्यांची. नटराजन आणि के. आर. राव ह्यांच्यासोबत त्यांनी ती १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. अप्रतिम काम आहे. तुमच्या मोबाईलमधल्या लग्नाच्या हजार फोटोंना जागा मिळते ती ह्या माणसांमुळे. जेपीईजीशी माझं भांडण नाहीच.

भांडण इथे आहे. कागदावरचं अक्षर म्हणजे काय? पांढऱ्यावर काळं. म्हणजे सगळी कडाच कडा. झटकन बदलणारा भाग जर फेकला, तर फोटोत फारसं काही जात नाही, कागदात मात्र नेमकं अक्षरच जातं. अनुस्वाराचा टिंब जातो. १ आणि ९ मधलं वळण जातं. शेतकऱ्याचा कागद जेपीईजीत कोंबून शंभर केबीला आणणं म्हणजे रुई फेकून सरकीची गाठ बांधणं.

जिनवाल्याला निदान माहीत असतं की आपण काय काढतोय. शिवाय त्या सरकीचं तेल निघतं, ढेप होते, म्हशी खातात. जेपीईजीने फेकलेला गट नंबर कोणत्या म्हशीच्या कामाचा?

ह्यावर आमच्या जमातीचं ठरलेलं उत्तर येतं: "अरे पण सर्व्हर भरतात. लाखो अर्ज येतात. खेड्यात नेट हळू असतं. मर्यादा नको का?" हवी ना! मर्यादेला माझा विरोध नाही, अडाणी मर्यादेला आहे. आकडे बघू.

बारा मेगापिक्सेलचा मोबाईल फोटो म्हणजे सव्वाकोटीच्या आसपास ठिपके, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे उघडा मांडला तर ३६ एमबी. तो १०० केबीत आणायचा म्हणजे ३६० पटीने दाबायचा. काय राहणार? आता तोच ए-फोर कागद साध्या स्कॅनरवर ३०० डीपीआयने, निव्वळ काळा-पांढरा स्कॅन करा. २४८० गुणिले ३५०८, म्हणजे ८७ लाख ठिपके. पण इथे एका ठिपक्याला एकच बिट पुरतो, काळा किंवा पांढरा. सगळं मिळून १.१ एमबीच्या आत. १०० केबीत आणायला फक्त ११ पट दाबायचंय. आणि त्यासाठी काहीही न फेकणारी पद्धत तयार आहे: फॅक्सवाल्यांची ग्रुप-४, १९८४ सालची. मी जन्मायच्या आधीची! तिची युक्ती साधी. कागद ओळीओळीने बघायचा आणि वरच्या ओळीपेक्षा ही ओळ कुठे वेगळी आहे तेवढंच लिहायचं. कागदावर बहुतेक जागा कोरी, देवनागरीची शिरोरेषा तर सरळच्या सरळ. लिहायला उरतंच काय? साध्या मजकुराचं पान बहुतेक वेळा शंभर केबीच्या आत बसतं. पीडीएफमध्ये ही पद्धत पहिल्यापासून आहे. म्हणजे मर्यादा तीच, शंभर केबी, पण एका ओळीत "३०० डीपीआय, काळा-पांढरा स्कॅन" एवढं लिहिलं असतं तर मामांचा २१९ शाबूत पोचला असता.

प्रामाणिकपणे एक कबूल करतो. कागद काळा-पांढरा करणं हेही जिनचंच काम आहे. फिकट शाई, निळा शिक्का, पेन्सिलीची खूण ह्यात जाऊ शकते. पण फरक आहे. इथे काय गेलं ते तुम्हाला स्कॅन करतानाच डोळ्यांनी दिसतं, आणि दिसलं नाही तर गडद करून पुन्हा स्कॅन करता येतं. एकदा हे झालं की पुढचं दाबणं मात्र शुद्ध प्रेसचं. मोबाईल-फोटो-वेबसाइटच्या रस्त्यात काय गेलं हे कोणालाच दिसत नाही. ना मामांना, ना पोराला, ना वेबसाइटला.

"दिसलं नाही तर एवढं काय बिघडतं" म्हणणाऱ्यांसाठी एक किस्सा. २०१३ मध्ये जर्मनीत डेव्हिड क्रीझेल नावाच्या संगणकशास्त्रज्ञाकडे एका घराच्या नकाशाचं कोडं आलं. झेरॉक्स कंपनीच्या एका मोठ्या कार्यालयीन मशीनवर नकाशा काढला, आणि तीन वेगवेगळ्या खोल्यांची क्षेत्रफळं, १४.१३, १७.४२ आणि २१.११ चौरस मीटर, प्रतीत तिन्ही १४.१३ झाली. पुसट नाही, चिखल नाही, स्वच्छ आणि ठसठशीत चूक! कारण त्या मशीनमधली जेबिग-२ नावाची पद्धत. ती कागदावरचे सारखे दिसणारे छोटे तुकडे शोधते आणि एकाच्या जागी दुसरा चिकटवते. दोन आकडे "जवळपास सारखे" वाटले की खेळ खलास. कंपनीने नंतर सॉफ्टवेअरची दुरुस्ती काढली. पण तोवर त्या मशीनांवरून किती कागद गेले असतील आणि त्यातले किती आकडे चुकीचे, ह्याचा हिशोब कोण देणार? कागद पुसट झाला तर निदान शंका येते. इथे तीही येत नाही.

म्हणून "आकडा काहून बदलते" ह्या प्रश्नाचं उत्तर: बदलतो मामा, कारण दाबणाऱ्याने प्रेस समजून जिन चालवला.

आता त्या फुकट वेबसाइटांबद्दल. "९० टक्के कमी, क्वालिटी तीच!" अशी पाटी लावलेली दुकानं. हे अशक्य आहे असं म्हणायला कुठलं संशोधन लागत नाही, मोजता येणं पुरतं. दहा बिटांच्या फाइली किती असू शकतात? १०२४. दहापेक्षा कमी बिटांच्या सगळ्या मिळून? रिकामी धरूनसुद्धा १०२३. म्हणजे प्रत्येक फाइल लहान करणारं यंत्र बनवलं तर निदान दोन फाइलींची गाठ एकच होणार, आणि उघडताना कोणती होती ते सांगता येणार नाही. आकार कितीही घ्या, हिशोब हाच. म्हणून आधीच दाबलेला जेपीईजी झिप केला तर काही कमी होत नाही. गाठ पुन्हा प्रेसमध्ये घातल्यासारखं ते. आणि तरीही तो खरोखर दसपट कमी झाला असेल, तर समजा की सरकी निघाली.

हे झालं गणित. खरी भीती वेगळी आहे. मामांच्या फेरफारासोबत त्या पोराने आधार कार्ड आणि बँकेचं पासबुकही त्याच वेबसाइटवर "कमी" करून घेतलं होतं. वेबसाइट कोणाची, सर्व्हर कुठे, फाइल पुसतात की ठेवतात, कोणाला ठाऊक? एका अडाणी ओळीपायी गावोगावचे लोक आपली आयुष्यभराची कागदपत्रं अनोळखी माणसाच्या ओसरीवर ठेवून येतायत. आणि मग आपणच त्यांना "सायबर जागरूकता" शिकवायला जातो!

तर, पोर्टल बनवणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, तुमच्या-माझ्यासाठी तीनच मागण्या. एक, मर्यादा लिहायची तर पद्धतही लिहा: किती डीपीआय, रंगीत की काळं-पांढरं, मर्यादा पानाला की फाइलला. दोन, जमत असेल तर मोठी फाइल घ्या आणि दाबायचं काम तुम्ही तुमच्या सर्व्हरवर करा. तुम्हाला निदान ते शिकवलंय, मामांना नाही. आणि तीन, "सबमिट" दाबायच्या आधी कारकुनाला दिसेल तसंच पान अर्जदाराला पूर्ण आकारात दाखवा आणि विचारा, आकडे वाचता येतात का? ह्या तिसऱ्याला फार तर एका दुपारचं काम आहे. ज्या अमरावती-अकोला रस्त्यावर मामांचं गाव आहे, त्याच रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून विश्वविक्रम झाला. तिथे एवढं जमतं, आणि आपल्याला एक प्रिव्ह्यू दाखवता येत नाही?

मामांना मी सांगितलं की मूळ कागद घेऊन अकोल्याला या, चुलतभावाकडे फ्लॅटबेड स्कॅनर आहे. शनिवारी ते आले, मीही पुण्याहून गेलो होतोच. ३०० डीपीआय, काळा-पांढरा, पहिल्यांदा शाई गेली, गडद करून पुन्हा. ग्रुप-४ ची पीडीएफ झाली ६१ केबी. मामांनी चष्मा लावून स्क्रीनवर बोट ठेवलं, दोन, एक, नऊ, आणि म्हणाले, "हे त त्याहून बी लहान झालं बे! मंग थे पोरगं काहून एवढं दाबत होतं?"

अर्ज पुन्हा भरलाय. आधीच्या दीड महिन्याचं काय, असं मामांनी विचारलं. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.